रडारच्या पडद्यावरचा समुद्र

रात्र, धुके आणि पावसाची झड या तिन्हींत माणसाची नजर थोड्याच अंतरावर संपते. जहाजाला मात्र जागच्या जागी थांबता येत नाही, कारण मालाने भरलेले मोठे जहाज इंजिन बंद केल्यानंतरही आपल्या अंगच्या वेगाने बराच काळ पुढे सरकत राहते. अशा वेळी समोर काय आहे याची वर्दी देण्याचे काम रडार करते, आणि ही वर्दी ज्या पडद्यावर उमटते तो पडदा जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवले जाते त्या उंच कक्षात, गेल्या पाऊण शतकापासून मानाच्या जागी आहे. तरीही रडार उत्तम चालू असताना जहाजे एकमेकांवर आदळल्याची उदाहरणे थोडी नाहीत, आणि त्यांची चौकशी झाली की दोष बहुधा यंत्रापेक्षा पडदा वाचणाऱ्याच्या घाईत सापडतो. पडद्यावर जे उमटते तो समुद्राविषयीचा पुरावा असतो, आणि कोणत्याही पुराव्याप्रमाणे तो तपासून, इतर पुराव्यांशी ताडून मगच स्वीकारावा लागतो.

ताडून पाहण्यासाठी लागणारी सगळी माहिती जहाजावर तयार होत नाही. पाण्याचा प्रवाह कुठे वाहतो आहे, लाटा किती उंच उठणार आहेत, भरकटलेली वस्तू उद्या कुठे असेल, या प्रश्नांची उत्तरे भारताच्या किनाऱ्यासाठी ज्या शहरातून दिली जातात ते शहर समुद्रापासून जवळपास तीनशे किलोमीटर आत, दख्खनच्या पठारावर वसलेले आहे. हैदराबादच्या प्रगतीनगर भागातील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजेच इन्कॉइस, ही केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीतील संस्था १९९९ साली स्थापन झाली. तिच्या कामाचा जहाजाच्या रडारशी नेमका कोणता संबंध आहे हे कळण्यासाठी आधी पडद्यावरचा ठिपका कसा तयार होतो ते पाहिले पाहिजे.

जहाजाच्या डोलकाठीवर फिरणारी लांबट अँटेना मिनिटाला साधारणपणे वीस ते तीस फेऱ्या घेते आणि प्रत्येक फेरीत रेडिओलहरींचे अतिशय आखूड झोत, ज्यांना स्पंद म्हटले जाते, एकामागोमाग एक सोडत जाते. या लहरी प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगाने जातात, वाटेतल्या वस्तूवर आपटून त्यांचा थोडा अंश परत येतो, आणि जाण्यायेण्याला लागलेल्या वेळावरून वस्तूचे अंतर काढले जाते. एक सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर, अंतरावरील वस्तूचा प्रतिध्वनी सेकंदाच्या दशलक्षांश भागांत मोजल्यास अवघ्या १२.३५ भागांत परत येतो. प्रतिध्वनी आला त्या क्षणी अँटेनेचे तोंड ज्या दिशेला होते ती वस्तूची दिशा. दिशा आणि अंतर मिळाले की पडद्यावर जहाजाची स्वतःची जागा मध्यबिंदू धरून त्या ठिकाणी ठिपका उमटवला जातो, आणि अशा शेकडो ठिपक्यांमधून किनारा, बोये, इतर जहाजे आणि लाटांचे कडे यांचा वरून पाहिल्यासारखा नकाशा तयार होतो.

या नकाशाच्या रेघा वाटतात तितक्या काटेकोर नसतात. अँटेनेतून निघणारा झोत आडव्या दिशेत साधारण एक अंश रुंद असतो. सहा सागरी मैलांवर या एका अंशाची रुंदी १९० मीटरांच्या पुढे जाते, आणि म्हणून तिथे असलेली दहा मीटरांची होडीही पडद्यावर तेवढी रुंद पसरलेली दिसते, तर शेजारी शेजारी चालणाऱ्या दोन होड्या एकच होऊन बसतात. अंतराच्या बाबतीतही हेच घडते: स्पंद एका मायक्रोसेकंदाचा, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांशाइतका असेल, तर एकाच दिशेत एकामागे एक असलेल्या आणि परस्परांपासून १५० मीटरांपेक्षा कमी अंतरावरील दोन वस्तू वेगळ्या दाखवणे यंत्राला शक्य नसते. शिवाय पृथ्वीच्या गोलाईमुळे रडारलाही क्षितिज असते; समुद्रसपाटीपासून २५ मीटर उंचीवरच्या अँटेनेसाठी ते साधारण ११ सागरी मैलांवर येते, आणि त्यापलीकडे उंच डोंगर किंवा मोठ्या जहाजाचा वरचा भाग दिसला तरी ठेंगणी होडी दिसण्याची आशा धरता येत नाही.

या यंत्राच्या पहिल्या अवतारात पडदा नव्हताच. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे काम करणाऱ्या ख्रिश्चन ह्युल्समायर या तरुण अभियंत्याने १९०४ साली ज्या उपकरणाचे पेटंट घेतले आणि त्याच वर्षी कोलोन येथे ऱ्हाईन नदीच्या पुलावर ज्याचे प्रात्यक्षिक केले, ते समोरून जहाज येताच घंटा वाजवत असे. ते किती दूर आहे हे सांगण्याची थेट सोय त्यात नव्हती, आणि जहाज कंपन्यांनी त्याकडे पाठ फिरवली. जहाजांची टक्कर टाळणे हाच त्याचा उद्देश होता, ही गोष्ट रडारला केवळ युद्धाचे अपत्य मानणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली ब्रिटनमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी घडवलेल्या मॅग्नेट्रॉन या नळीमुळे काही सेंटिमीटर लांबीच्या प्रबळ लहरी निर्माण करता येऊ लागल्या, रडार छोट्या जहाजावरही मावेल इतके लहान झाले, आणि गोल काचेवर फिरत्या रेषेमागे ठिपके उजळवणारा पडदा प्रचारात आला. शांतता झाल्यावर तो व्यापारी जहाजांवर पोचला.

पडदा वाचण्यातली खरी अवघड जागा गतीची आहे. जहाज स्वतः चालत असते, तरी पडद्याच्या मांडणीत ते मध्यबिंदूला स्थिर मानलेले असते. परिणामी धावत्या एसटीच्या खिडकीतून रस्त्याकडेची झाडे मागे पळताना दिसावीत तसे स्थिर बोयेही पडद्यावर जहाजाच्या दिशेने सरकत येतात, आणि चालत्या जहाजांच्या ठिपक्यांत त्यांची स्वतःची गती आणि आपली उलटी गती या दोहोंची बेरीज मिसळलेली असते. हिला सापेक्ष गती म्हणतात. ती समजून घेण्यासाठी एक उदाहरण आकड्यांनिशी पाहणे उपयोगी ठरेल.

एक जहाज नेमके उत्तरेकडे ताशी १२ सागरी मैल, म्हणजे १२ नॉट वेगाने चालले आहे असे समजावे. त्याच्या पडद्यावर ईशान्येला, ४५ अंशांवर, १० मैल अंतरावर एक ठिपका दिसतो. सहा मिनिटांनी तो ८.५ मैलांवर येतो, बारा मिनिटांनी ७ मैलांवर, आणि दोन्ही वेळा त्याची दिशा ४५ अंशच राहते. पडद्यावर पाहणाऱ्याला वाटते की समोरचे जहाज ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे, थेट अंगावर चालून येत आहे. प्रत्यक्षात ठिपक्याच्या हालचालीत आपली उत्तरेकडची गती मिळवली, तर ते जहाज जवळजवळ पश्चिमेकडे, किंचित उत्तरेला झुकून, सुमारे पावणेअकरा नॉट वेगाने आडवे चाललेले निघते. त्याचे तोंड आपल्याकडे वळलेलेच नाही. ते आपला मार्ग ओलांडू पाहत आहे, आणि कोणीच काही केले नाही तर पहिल्या नोंदीपासून चाळिसाव्या मिनिटाला दोघे एकाच जागी पोचणार आहेत. ठिपक्याची दिशा बदलत नाही आणि अंतर घटत जाते, हीच टकरीची सर्वांत जुनी आणि सर्वांत खात्रीची खूण आहे. दर्यावर्दींनी ती रडारच्या कितीतरी आधीपासून होकायंत्रावरून दिशा घेऊन तपासलेली आहे.

उघड्या नजरेच्या टप्प्यात ही भेट झाली असती, तर दुसरे जहाज उजव्या हाताला असल्याने वाट देण्याची जबाबदारी पहिल्याची ठरली असती. धुक्यात, म्हणजे एकमेकांना प्रत्यक्ष न दिसता केवळ रडारवर भेट होत असताना, नियम बदलतो: तिथे कोणालाच हक्काने पुढे जाता येत नाही, दोघांनीही वेळेत टाळण्याची कृती करायची असते, आणि समोरच्या बाजूस असलेल्या जहाजासाठी डावीकडे वळणे शक्यतो टाळायचे असते. १९७२ साली ठरलेल्या आणि १५ जुलै १९७७ पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय टक्कर प्रतिबंधक नियमांत हे सारे आलेले आहे. त्यांतला सातवा नियम रडारच्या दृष्टीने मोलाचा आहे. अपुऱ्या माहितीवरून, विशेषतः रडारने दिलेल्या अपुऱ्या माहितीवरून, काहीही गृहीत धरू नये असे तो बजावतो, आणि वस्तूची नोंद एकदाच न करता ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा करण्यास सांगतो.

रडारच्या माहितीवर किती विसंबावे हा प्रश्न त्याआधी एका मोठ्या अपघाताने ऐरणीवर आणला होता. २५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटाच्या दक्षिणेस, दाट धुक्याच्या पट्ट्यात, इटलीचे आलिशान प्रवासी जहाज ‘आंद्रेआ डोरिया’ आणि स्वीडनचे ‘स्टॉकहोम’ यांची टक्कर झाली. दोघांकडे रडार होते, दोघांनी एकमेकांना अनेक मैलांवरून पडद्यावर पाहिले होते. तरी एकाची समजूत झाली की समोरचे जहाज उजव्या बाजूने निघून जाईल, दुसऱ्याची समजूत झाली की ते डाव्या बाजूने जाईल, आणि शेवटच्या क्षणी दोघेही जास्त मोकळी जागा ठेवण्याच्या हेतूने वळले ते एकमेकांच्या वाटेत. ‘आंद्रेआ डोरिया’वर ठिपक्याच्या नोंदी कागदावर मांडल्या गेल्याच नव्हत्या, ‘स्टॉकहोम’वर अंतराचा टप्पा चुकीचा समजला गेला असावा, असे नंतरच्या एका विश्लेषणात मांडले गेले. दोन्ही जहाजांवर मिळून ५१ माणसे दगावली आणि इटालियन जहाज दुसऱ्या दिवशी सकाळी बुडाले.

कागदावर मेणाच्या पेन्सिलीने नोंदी मांडण्याचे काम आता संगणक करतो. निवडलेल्या ठिपक्याचा माग ठेवून तो त्याचा खरा मार्ग, वेग, दोन जहाजांमधील कमीत कमी अंतर किती राहील आणि ते किती मिनिटांनी येईल हे आकड्यांत दाखवतो. ठिपक्याच्या पुढे निघालेली बारीक रेघ तो पुढच्या काही मिनिटांत कुठे असेल ते सांगते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तीनशे टनांपासून पुढच्या जहाजांना रडार आवश्यक असते, तीन हजार टनांपासून दुसरे रडारही लागते, आणि दहा हजार टनांपासून अशी आपोआप माग ठेवणारी यंत्रणा सक्तीची आहे. तिलाही मर्यादा आहेत. गतीचा कल कळायला तिला सुमारे एक मिनिट आणि भरवशाचे आकडे द्यायला सुमारे तीन मिनिटे लागतात. समोरच्या जहाजाने मधेच वळण घेतले, तर तेवढा वेळ पडद्यावरची रेघ जुनीच दिशा सांगत राहते. दोन ठिपके अगदी जवळून गेले की एकाचा माग दुसऱ्याला चिकटण्याचाही धोका असतो. ज्या अधिकाऱ्याला ही तीन मिनिटे ठाऊक नाहीत त्याच्या हाती संगणक असणे, हे हाती काहीच नसण्यापेक्षा अधिक धोक्याचे आहे.

समोरच्या जहाजाचा खरा मार्ग काढण्यासाठी संगणकाला आपल्या जहाजाचा वेग पुरवावा लागतो. इथेच प्रवाहाचा प्रश्न उभा राहतो, आणि पडद्याचे वाचन पाण्याच्या शास्त्राशी जाऊन भिडते. जहाजाचा वेग दोन प्रकारे मोजता येतो: भोवतालच्या पाण्याच्या तुलनेत, किंवा उपग्रहाच्या साहाय्याने समुद्रतळाच्या तुलनेत. प्रवाह नसेल तर दोन्ही एकच. पण पाणीच दोन नॉट वेगाने आडवे वाहत असेल, तर दोन्हींत फरक पडतो. रडारला उपग्रहाचा वेग पुरवला तर पडद्यावरच्या रेघा प्रत्येक जहाज तळाच्या तुलनेत कुठे चालले आहे ते दाखवतात, मात्र त्याचे तोंड कुठे आहे ते दाखवत नाहीत, आणि टक्कर टाळण्याचे नियम मुख्यतः तोंड कुठे आहे, दिवे कोणत्या बाजूचे दिसतील यावर आधारलेले आहेत. म्हणून जाणते नाविक टक्कर टाळण्याच्या कामासाठी पाण्याच्या तुलनेतील वेग वापरतात आणि खडक, उथळ जागा, खाडीचे तोंड यांपासून दूर राहण्यासाठी तळाच्या तुलनेतील. कोणता पर्याय चालू आहे हे पडद्याच्या कोपऱ्यात लहान अक्षरांत लिहिलेले असते, आणि ती अक्षरे वाचली न जाणे ही नेहमी घडणारी चूक आहे.

प्रवाह आधीपासून माहीत असेल तर हा फरक किती पडेल याचा अंदाज अधिकाऱ्याला पाळी सुरू होण्यापूर्वीच बांधता येतो. इन्कॉइस हैदराबादहून भारताच्या किनाऱ्यासाठी आणि हिंदी महासागरासाठी लाटांची उंची व दिशा, लांबून येणाऱ्या फुगव्याच्या लाटा, पृष्ठभागावरचा प्रवाह, वारा आणि पाण्याचे तापमान यांचे पुढच्या काही दिवसांचे अंदाज देते. हे अंदाज संगणकीय प्रारूपांतून निघतात, आणि प्रारूपे खरी ठरतात की नाही हे समुद्रातले तरंगते बोये, उपग्रह आणि किनाऱ्यावरील विशेष रडार यांच्या मोजमापांशी ताडून पाहिले जाते.

हे किनाऱ्यावरील रडार जहाजावरच्या रडारपेक्षा निराळ्या जातीचे आहे. जहाजावरच्या रडारची तरंगलांबी तीन किंवा दहा सेंटिमीटर असते, तर या उच्च वारंवारतेच्या म्हणवल्या जाणाऱ्या रडारची दहा मीटरांच्या काही पट. इतक्या लांब लहरी खाऱ्या, वीजवाहक पाण्याच्या पृष्ठभागाला धरून क्षितिजापलीकडे वाकत जातात आणि दोनशे किलोमीटरपर्यंतचा टापू आपल्या कक्षेत घेतात. समुद्रावरच्या असंख्य लाटांपैकी ज्यांची लांबी रडारच्या तरंगलांबीच्या बरोबर निम्मी आहे, त्यांच्याकडूनच येणारे प्रतिध्वनी एकमेकांना बळ देतात. अशा लाटेचा स्वतःचा वेग भौतिकशास्त्राच्या सूत्राने आधीच ठाऊक असतो. प्रतिध्वनीतून मोजलेला वेग त्याहून जितका कमी-जास्त निघेल तितका पाण्याचा प्रवाह. एका ठिकाणचे रडार आपल्याकडे येणारा किंवा आपल्यापासून दूर जाणारा प्रवाहच मोजू शकत असल्याने अशी रडारे जोडीने उभारावी लागतात, आणि दोघांच्या मोजमापांतून प्रवाहाची खरी दिशा मिळते. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने अशा जोड्या गुजरात, तमिळनाडू, आंध्र प्रदेश, ओडिशा आणि अंदमान येथे उभारल्या असून त्यांची माहिती हैदराबादलाही पोचते. गुजरातमधील जोडी खंभातच्या आखाताच्या तोंडावर आहे, जिथले भरती-ओहोटीचे प्रवाह देशात सर्वांत जोरकस प्रवाहांपैकी मानले जातात. जहाजावरच्या रडारला ज्या लाटा नकोशा असतात त्याच या रडारला हव्या असतात, ही या शास्त्रातली अतिशय देखणी जागा आहे.

जहाजावर लाटा नकोशा का, याचे उत्तर पावसाळ्यातल्या अरबी समुद्रात मिळते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी खवळलेल्या पाण्यात प्रत्येक लाटेचा वाऱ्याकडचा उतार प्रतिध्वनी परतवतो आणि पडद्याच्या मध्याभोवती, विशेषतः वारा येतो त्या बाजूला, ठिपक्यांचा दाट गालिचा पसरतो. तो कमी करण्यासाठी एक नियंत्रक असतो, जो जवळच्या अंतरावरून येणाऱ्या प्रतिध्वनींचा जोर उतरवतो. तो थोडा फिरवला की लाटा विरतात आणि बोया उठून दिसतो. आणखी फिरवला की पडदा स्वच्छ, काळाभोर आणि निर्धास्त वाटू लागतो, पण त्या स्वच्छतेबरोबर लाकडी किंवा फायबरची होडीही पुसली जाते, कारण तिचा प्रतिध्वनी लाटेइतकाच दुबळा असतो. कुशल अधिकारी लाटांचे थोडे ठिपके मुद्दाम शिल्लक ठेवतो आणि फेरीमागून फेरी पाहत राहतो: लाटेचा ठिपका जागा बदलतो आणि विझतो, होडीचा ठिपका त्याच जागी पुन्हा पुन्हा येतो. पावसाच्या सरींसाठी दुसरा नियंत्रक असतो, आणि दहा सेंटिमीटरचे रडार पावसातून तीन सेंटिमीटरच्या रडारपेक्षा अधिक दूर पाहते. मोठ्या जहाजांवर दोन्ही ठेवण्यामागचे एक कारण हेच.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ही बाब जिवाशी जोडलेली आहे. १ जून ते ३१ जुलै अशी मासेमारीबंदी संपून कोकणातल्या आणि पालघरच्या नौका समुद्रात उतरतात तेव्हा पावसाळा पुरता ओसरलेला नसतो, आणि त्याच पाण्यातून मुंबई व न्हावाशेव्याकडे येणारी कंटेनरची जहाजे जात असतात. नाखव्याला ते जहाज मैलोगणती दुरून दिसते. जहाजावरच्या अधिकाऱ्याला नाखव्याची होडी लाटांच्या गालिच्यात दिसेलच असे नाही. मोठी जहाजे आपले नाव, जागा, दिशा आणि वेग रेडिओवरून आपोआप प्रसारित करतात आणि ही माहिती रडारच्या पडद्यावर ठिपक्याशेजारी उमटते, पण ज्या होडीवर असे यंत्र नाही ती त्या यादीत नसते. यादीत नाही म्हणून समुद्रावर नाही, असे मानणे हा अलीकडच्या काळातला नवा धोका आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे वाढवण बंदराच्या पायाभरणीबरोबर मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर, म्हणजे दुहेरी संदेशवहनाची यंत्रे, बसवण्याच्या एक लाख नौकांच्या राष्ट्रीय योजनेचीही सुरुवात झाली. वाढवणला उद्या जी जहाजे येतील ती डहाणूच्या मच्छीमारांच्या परंपरागत जागांजवळूनच जाणार असल्याने या दोन गोष्टी एकत्र सुरू झाल्या हे योग्यच झाले.

दिवसाउजेडीही टक्कर झाली तर काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी सकाळी न्हावाशेव्याहून बाहेर पडलेले ‘एमएससी चित्रा’ हे कंटेनरवाहू जहाज आणि मुंबई बंदराकडे येणारे ‘खलिजिया ३’ यांची बंदराच्या तोंडाशी टक्कर झाली. ‘चित्रा’ एका कुशीवर कलंडले, त्यावरच्या सुमारे १,२०० कंटेनरपैकी तीनशेच्या आसपास समुद्रात पडले, शेकडो टन तेल सांडून उरण-अलिबागच्या किनाऱ्यापर्यंत आणि तिवरांच्या मुळांपर्यंत पोचले. त्यानंतर मुंबई आणि न्हावाशेवा या दोन्ही बंदरांतील वाहतूक काही दिवस ठप्प झाली, आणि त्यामागे रडारची एक मर्यादा होती: बहुतांश बुडालेला, पाण्याच्या पातळीला वरची कड तेवढी दाखवत तरंगणारा कंटेनर पडद्यावर भरवशाने दिसत नाही, आणि जहाजाच्या पत्र्याला मात्र तो भोक पाडू शकतो.

पुढच्याच वर्षी याहून निराळा प्रसंग घडला. ओमानच्या किनाऱ्याजवळ खलाशांनी सोडून दिलेले ‘पवित’ हे सुमारे हजार टनांचे छोटे तेलवाहू जहाज मोसमी वाऱ्या-प्रवाहांबरोबर महिनाभर अरबी समुद्र ओलांडत आले आणि ३१ जुलै २०११ रोजी जुहूच्या वाळूत रुतले. तोवर ते कोणाच्याच नजरेस पडले नाही. नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर आखलेली किनारी रडारांची साखळी तेव्हा पूर्ण झालेली नव्हती. पुढे तटरक्षक दलासाठी पहिल्या टप्प्यात मुख्य भूमी, लक्षद्वीप आणि अंदमान मिळून ४६ ठिकाणी रडार व कॅमेरे बसवले गेले, त्यांतली अनेक दीपगृहांच्या आवारात. पण ‘पवित’ने विचारलेला दुसरा प्रश्न रडारच्या कक्षेबाहेरचा होता: समुद्रात सोडलेली वस्तू पुढे कुठे जाईल?

त्या प्रश्नाचे उत्तर काढण्याची पद्धत इन्कॉइसने २०१६ साली ‘सारट’ या नावाने शोध व बचाव यंत्रणांच्या हाती दिली. वस्तू शेवटची कुठे आणि केव्हा दिसली आणि ती कोणत्या प्रकारची आहे, हे भरले की ती प्रवाह आणि वाऱ्याने कुठवर वाहत गेली असण्याची शक्यता आहे याचा नकाशा मिळतो. वस्तूंचे साठ प्रकार त्यात धरलेले आहेत, कारण पाण्यात पडलेला माणूस, उलटलेली होडी आणि रिकामा तराफा यांच्यावर वारा सारखाच परिणाम करत नाही. २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ ‘एमएससी एल्सा ३’ हे ६४० कंटेनर घेऊन निघालेले जहाज बुडाले तेव्हा कंटेनर आणि तेल केरळच्या किनाऱ्यावर कुठे लागू शकतील याचे अंदाज हैदराबादहूनच दिले गेले. शोध घेणाऱ्या जहाजाने रडार लावायचे तर कोणत्या पाण्यात लावायचे, हे असा नकाशा सांगतो, आणि हरवलेल्या खलाशाच्या बाबतीत त्या एका उत्तराने तासांचा फरक पडतो.

इन्कॉइसची त्सुनामी इशारा व्यवस्था अधिक प्रसिद्ध आहे. २६ डिसेंबर २००४ च्या संहारानंतर ती उभी राहिली आणि ऑक्टोबर २००७ पासून कार्यरत आहे. मच्छीमारांच्या रोजच्या कामाला मात्र लाटांचे अंदाज आणि मासळीच्या संभाव्य जागांच्या सूचना अधिक येतात, ज्या मराठीसह किनारी भाषांतून दिल्या जातात. मोबाइलचे जाळे किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर तुटत असल्याने ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘जेमिनी’ नावाचे छोटे उपकरणही आणले गेले. ते भारताच्या गगन या उपग्रहप्रणालीतून सूचना उचलते आणि नाखव्याच्या फोनवर दाखवते.

होडीच्या बाजूने करण्याजोगी एक गोष्ट याहून स्वस्त आणि जुनी आहे. धातूचे तीन पत्रे परस्परांना काटकोनात जोडले की त्या कोनात शिरलेली लहर आल्या वाटेने परत फिरते. अशा कोनांनी बनवलेला परावर्तक काठीवर उंच बांधला, तर फायबरच्या होडीचा दुबळा प्रतिध्वनी लाटांमधून उठून दिसू लागतो. त्याला वीज लागत नाही आणि तो बिघडत नाही. मासेमारी सहकारी संस्थांनी ऑगस्टमध्ये नौका उतरवण्यापूर्वी जाळी, इंजिन आणि जीवरक्षक जाकिटे ज्या यादीने तपासली जातात त्याच यादीत हा परावर्तक घालावा, बंदरावरच्या फलकावर त्या दिवसाचा हैदराबादचा लाटांचा अंदाज मराठीत लावावा, आणि ज्या नौकेवर परावर्तक नाही ती नौका रात्री जहाजांच्या वाटेत जाळे टाकणार नाही असा नियम स्वतःच घालून घ्यावा.